नाकारलेल्या रिक्वेस्टचं पुढे काय होतं?

इतवाऱ्यात दुकानाचं शटर वर गेलं की आधी देवाला अगरबत्ती लागते आणि लगेच साउंडबॉक्सचं बटण दाबलं जातं. मग दिवसभर गल्ल्याशेजारचा तो डबा बोलत राहतो. दहा रुपयांचा चहा, चारशेचा किराणा, दोन हजारांचं कापड. प्रत्येक रक्कम मोठ्याने जाहीर होते आणि दुकानदार मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पैसे आले की नाही हे पाहायला आता डोळे लागत नाहीत, कान पुरतात.

बुऱ्हाणपुरात वारांच्या नावाच्या वस्त्या आहेत: इतवारा, बुधवारा, शनवारा. कारभार मध्य प्रदेशाचा, पण इच्छापूर ओलांडलं की महाराष्ट्र सुरू होतो, आणि रावेर-मुक्ताईनगरशी या गावाची रोजची ये-जा आहे. केळीचा व्यापार, सोयरिकी, दवाखाने, सगळंच हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. त्यामुळे एकाच गल्ल्यावर हिंदी, मराठी, गुजराती आणि उर्दू ऐकू येतात. खातं एका राज्यात, दुकान दुसऱ्या राज्यात, हे इथे नवलाचं नाही. ऑनलाइन फसवणुकीच्या बाबतीत ही साधी गोष्ट पुढे अडचणीची ठरते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘विश्वास’ हा विषय दिला, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती मोबाइलवर येणारी पैशांची मागणी. अनोळखी माणूस पैसे मागतो, पडद्यावर मात्र ती मागणी ‘तुम्हाला पैसे मिळणार आहेत’ अशा वेषात येते. इतवाऱ्यात ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांना असा फोन किंवा अशी रिक्वेस्ट आल्याचं आठवत होतं. ‘फ्रॉडवाला होता, कट केला,’ इतकंच त्यांचं सांगणं. कुठे कळवलं का, असं विचारलं की समोरचा चकित व्हायचा. पैसे गेलेच नाहीत, मग कळवायचं काय?

मला वाटतं, सगळी गोम या प्रश्नात आहे.

मागणी कशी येते

यूपीआय ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत जाहीर झाली, आणि पैसे देण्याच्या दोन वाटा तिच्यात सुरुवातीपासून होत्या. एका वाटेने देणारा स्वतःहून पैसे ढकलतो: नंबर टाकतो किंवा क्यूआर स्कॅन करतो, रक्कम लिहितो, पिन टाकतो. दुसऱ्या वाटेने घेणारा मागणी पाठवतो आणि देणारा ती मंजूर करतो. हीच कलेक्ट रिक्वेस्ट. वीजबिल, रेल्वेचं तिकीट, ऑनलाइन खरेदी यांसाठी ती सोयीची होती. भाडेकरूकडून भाडं मागायलाही लोक ती वापरत.

ठगांना ही दुसरी वाट आवडली, कारण तिच्यासाठी काहीच चोरावं लागत नसे. पासवर्ड नको, ओटीपी नको. यूपीआय आयडी म्हणजे अनेकदा मोबाइल नंबर आणि त्यापुढे अ‍ॅपची ओळख. नंबर तर दुकानाच्या पाटीवरच असतो. तो टाकायचा, रक्कम लिहायची, शेऱ्याच्या जागी ‘रिफंड’, ‘कॅशबॅक’, ‘दिवाळी बक्षीस’ असं काहीतरी टाकायचं आणि रिक्वेस्ट पाठवायची. मग फोन करून सांगायचं, पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या.

पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे वाक्य बँकांनी पाट्यांवर, अ‍ॅपवाल्यांनी पडद्यांवर, पोलिसांनी शिबिरांत इतक्यांदा सांगितलंय की ते पाठ नसलेला माणूस शोधावा लागेल. तरीही माणसं फसतात. गिऱ्हाईक समोर उभं आहे, मागून कोणी हाक मारतंय, फोनवरचा माणूस घाई करतोय, अशा वेळी बोट सवयीने चालतं. दिवसातून पन्नास वेळा पिन टाकणाऱ्या बोटाला एक्कावन्नावी वेळ वेगळी वाटत नाही.

फौजी, सोफा आणि एक रुपया

या फसवणुकीच्या संहिता देशभर जवळपास सारख्याच आहेत. सर्वात जुनी फौजीची. फोन करणारा स्वतःला लष्करातला किंवा केंद्रीय सुरक्षा दलातला जवान म्हणवतो. बदली झाली आहे, युनिटसाठी माल हवा आहे, भाव करत नाही. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. मग तो सांगतो की फौजेत पेमेंटची पद्धत उलटी असते: आधी तुम्ही एक रुपया पाठवा, तुम्हाला दोन येतील. आणि खरंच दोन येतात. इथे संशय गळून पडतो. पुढची मागणी काही हजारांची असते.

शिकलेला, शहरी, सावध माणूस यातून सुटतो असं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. गिऱ्हाइकाने आधी थोडी रक्कम खात्यात टाकून भरवसा बसवला, मग क्यूआर कोड पाठवला, आणि तो स्कॅन करताच चौतीस हजार रुपये गेले. मुख्यमंत्र्यांच्या घरात हे घडतं, तर इतवाऱ्यातल्या ज्या दुकानदाराला फसल्यावर लाज वाटली, त्याने ती मनातून काढून टाकायला हरकत नाही.

दुसरी संहिता ‘चुकून पैसे आले’ची. बँकेच्या नावाने बनावट मेसेज येतो, पाठोपाठ रडवेला फोन: आईच्या औषधाचे पैसे होते, ताई, परत करा. मग परतफेडीची रिक्वेस्ट. इथे माणसाचा लोभ नव्हे, भलेपणा वापरला जातो. म्हणूनच ही मला सर्वांत वाईट वाटते.

याच प्रकारातून २०२४च्या अखेरीस एक अफवा उठली. कोणी छोटी रक्कम खात्यात टाकतो, तुम्ही शिल्लक पाहायला पिन टाकता आणि तेवढ्यात मोठी रिक्वेस्ट मंजूर होते, असं सांगितलं जाऊ लागलं. जानेवारी २०२५ मध्ये एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, खुलासा केला की नुसतं अ‍ॅप उघडून किंवा शिल्लक पाहून कोणतीही मागणी मंजूर होत नाही. ती मागणी स्वतः उघडून, ‘पे’ दाबून पिन टाकावाच लागतो. हा खुलासा लक्षात ठेवण्यासारखा आहे. घाबरलेला माणूस अ‍ॅपच उघडत नाही, आणि न उघडलेल्या अ‍ॅपमधून तक्रार करता येत नाही.

एनपीसीआयने कलेक्ट रिक्वेस्टच्या वाटेवर आधी दोन हजार रुपयांची मर्यादा घातली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली कलेक्ट रिक्वेस्ट बंदच केली. त्याआधी, ३० जून २०२५ पर्यंत, पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर बँकेत नोंदलेलं खरं नावच दाखवण्याची सक्ती अ‍ॅपवाल्यांवर आली. टोपणनावाने ‘रिफंड विभाग’ होऊन बसण्याची सोय त्यामुळे गेली. निर्णय चांगले आहेत, फक्त उशिरा आले. पण मागणी संपलेली नाही, तिने रूप बदललंय. व्यापाऱ्याच्या नावाखाली येणारी मागणी, दर महिन्याला आपोआप पैसे कापणाऱ्या ऑटोपेची मंजुरी, व्हॉट्सअ‍ॅपवरचा क्यूआर, बनावट लिंक, ही आताची रूपं. मध्य प्रदेशातच जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात काही दुकानांवरचे आणि एका पेट्रोल पंपावरचे क्यूआर स्टिकर बदलले गेले होते. गिऱ्हाइकं पैसे देत राहिली आणि ते भलत्याच खात्यात जात राहिले. तिथे फोनही करावा लागला नाही.

शाहजोग

दूरच्या अनोळखी माणसाने मागितलेले पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न बुऱ्हाणपूरला मोबाइलने दिलेला नाही. सतराव्या शतकात हे शहर मोगलांच्या दख्खनचं मोठं ठाणं आणि कापडाची मोठी पेठ होतं. फ्रेंच व्यापारी तावेर्निए इथून गेला. त्याने इथल्या तलम कापडाबद्दल लिहिलं, आणि सुरतेवर काढलेल्या हुंडीला कोणत्या शहरात किती टक्के पडतात याची नोंद केली, तीत बुऱ्हाणपूरही आहे. कागदाच्या तुकड्यावर शेकडो कोस दूर पैसे मिळत, आणि तो तुकडा खोटाही असू शकत होता.

सराफांनी त्यावर जी तोड काढली, तिच्यातली शाहजोग हुंडी मला फार शहाणपणाची वाटते. अशी हुंडी घेऊन कोणीही आलं तरी पैसे द्यायचे ते बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच. पुढे हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहाने ते व्याजासह परत करायचे. म्हणजे ठगाला बाजारात शिरायचं असेल तर आधी एका पतवान माणसाला स्वतःची हमी द्यायला लावावं लागे, आणि हमी देणारा चुकला तर भुर्दंड त्याला. १८८१च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही.

आजच्या व्यवहारात शाह कोण? ज्या बँकेत ठगाचं खातं आहे, ती बँक. आधार, पॅन, फोटो तपासून तिनेच ते खातं उघडलं. पण अशी खाती बहुतेकदा भाड्याची असतात. एखाद्या गरजू पोराला थोडे पैसे देऊन त्याचं खातं, कार्ड आणि सिम घेतलं जातं. पोलिसांच्या भाषेत म्यूल खातं. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती ओळखण्यासाठी म्यूलहंटर नावाची यंत्रणा २०२४ मध्ये आणली. तरीही मूळ प्रश्न उरतोच. ज्याच्या दारातून पैसा पळाला त्याच्यावर भुर्दंड आहे का? माझ्या मते तो असायला हवा. आज तो फसलेल्यावरच पडतो.

पिन टाकला म्हणजे दिला

६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा आधार बँकेतले लोक नेहमी देतात, आणि अर्धाच देतात. बँकेची चूक असेल तर ग्राहकाचं काहीच जाऊ नये. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यावर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित. हे ऐकून माणसाला धीर येतो. मग कळतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर नुकसान त्याचंच. स्वतः पिन टाकून मंजूर केलेली मागणी बँका याच खान्यात टाकतात. कायद्याच्या नजरेत फसवणूक, बँकेच्या नजरेत संमती.

पण त्याच नियमात एक ओळ पुढे आहे, आणि ती काउंटरवर फारशी ऐकू येत नाही. निष्काळजीपणा असला तरी ग्राहकाचं नुकसान बँकेला कळवेपर्यंतचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पहिली रिक्वेस्ट मंजूर झाल्यावर ठग थांबत नाही. ‘अडकलं, पुन्हा करा’ म्हणत दुसरी, तिसरी मागतो. पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये केलेला एक फोन म्हणूनच लाखमोलाचा. बँकेने तक्रारीचा क्रमांक आणि वेळ द्यायलाच हवी. ती मागून, लिहून ठेवावी.

१९३० लावल्यावर

लोकसभेत सरकारने दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३-२४ मध्ये यूपीआयशी संबंधित फसवणुकीची १३.४२ लाख प्रकरणं नोंदली गेली आणि त्यांत १,०८७ कोटी रुपये गेले. भागाकार केला तर एका प्रकरणामागे आठ हजारांच्या आसपास. ही रक्कम नीट पाहण्यासारखी आहे. लूमवर काम करणाऱ्याची ती बरीचशी महिन्याची कमाई, पण घरात न सांगता गिळून टाकता येईल इतकीही. नवऱ्याला कळलं तर, मुलगा हसला तर, शेजारच्या दुकानात चर्चा झाली तर, या भीतीने पहिला तास जातो. आणि महत्त्वाचा असतो तो पहिला तासच.

ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक फिरवला की काय होतं, हे समजलं तर लाज थोडी कमी होईल. ही व्यवस्था २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने उभी केली, तेव्हा क्रमांक १५५२६० होता. फोन उचलणारा पोलिसांचा माणूस तुम्ही कसे फसलात यावर प्रवचन देत नाही. त्याला हवं असतं: तुमचा मोबाइल नंबर, बँक, पैसे गेल्याची तारीख आणि वेळ, रक्कम, आणि बारा आकडी यूटीआर, जो अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. त्यावरून एक तिकीट तयार होऊन पैसे गेलेल्या बँकेच्या पडद्यावर जातं. तिथे पैसे शिल्लक असतील तर ते रोखले जातात, पुढे गेले असतील तर तिकीट पुढच्या बँकेकडे सरकतं. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळतो आणि तिकीट त्याच्या मागे. एटीएममधून रोकड निघाली की पाठलाग संपला.

हा पाठलाग जिंकताही येतो. सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितल्याप्रमाणे या व्यवस्थेमुळे १७.८२ लाखांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटी रुपये वाचले. क्रिकेटपटू विनोद कांबळी यांना डिसेंबर २०२१ मध्ये केवायसीच्या नावाने एक लाखाहून अधिक रुपयांना गंडा घातला गेला. त्यांनी लगेच कळवलं आणि वांद्रे पोलिसांनी बँकेकडून तो व्यवहार फिरवून घेतला. तिथे फसवणुकीची रीत वेगळी होती, वाचवणारी गोष्ट मात्र वेळ हीच.

फोननंतर तक्रारीचा क्रमांक मेसेजने येतो आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर पूर्ण तपशील भरावा लागतो: स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा, आलेले मेसेज. फोनमधलं काही पुसू नये. रागाने चॅट डिलीट करणारे पुष्कळ, आणि पुरावा तिथेच असतो. ही ऑनलाइन तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे कित्येकांना महिन्यांनी कळतं. एफआयआरसाठी सहसा ठाण्यात जावं लागतं. इथे हद्दीवरच्या माणसाने एक गोष्ट ठामपणे धरावी. खातं रावेरच्या शाखेत, घर इतवाऱ्यात, ठग तिसऱ्याच राज्यात, असं असलं तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याला घ्यावीच लागते, गुन्हा कुठे घडला याचा विचार न करता. ‘तुमचं खातं महाराष्ट्रात, तिकडे जा’ हे उत्तर नियमाला धरून नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. त्यामुळे छोट्या ठाण्यांत काम साचतं, ही वस्तुस्थितीही आहे.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.

गोठलेलं खातं

तक्रारीची दुसरी बाजूही दुकानदारांना माहीत आहे. तिच्यामुळेच काहींना १९३० या आकड्याचीच धास्ती वाटते. ठग लुटलेले पैसे खर्चही करतो. एखाद्या दुकानातून तो तीनशेची वस्तू घेतो, यूपीआयने पैसे देतो, आणि पैशाचा माग काढत निघालेलं तिकीट त्या दुकानदाराच्या खात्यावर येऊन थांबतं. काही वेळा बँक त्याचं अख्खं खातं गोठवते. ऐन सणात माल उचलायचा असताना चेक परत जातात, आणि चौकशी कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या पोलिसांकडे असते.

असे खटले न्यायालयांत गेले. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की रोखायची ती वादातली रक्कम, सगळं खातं नव्हे. ज्याचं खातं थांबलंय त्याने बँकेकडून लेखी घ्यावं: तक्रारीचा क्रमांक कोणता, कोणत्या राज्याची, रक्कम किती. मग त्या दिवसाचं बिल आणि मालाची नोंद संबंधित अधिकाऱ्याला पाठवून फक्त तेवढीच रक्कम रोखण्याची मागणी करावी. त्या दिवशीचं बिल हाताशी असेल तर खातं लवकर मोकळं होण्याची शक्यता वाढते. कच्च्या चिठ्ठीवर चालणाऱ्या धंद्याला हे अवघड आहे, आणि इतवाऱ्यात कच्ची चिठ्ठी अजून चालते.

पैसे गेले नाहीत तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे. रिक्वेस्ट आली, ओळखली, नाकारली. पैसे वाचले. तरी कळवायचं का?

कळवायचं, कारण ती रिक्वेस्ट एकट्या तुम्हाला आलेली नसते. ठगाच्या हातात नंबरांची यादी असते. तुम्ही नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत तोच माणूस बुधवाऱ्यात कुणाला तरी ‘ताई’ म्हणत असतो. त्याचा फोन नंबर, यूपीआय आयडी आणि खातं, तिन्ही तुमच्या पडद्यावर किंवा त्यामागे नोंदलेले असतात. फसलेला माणूस ही माहिती पैसे गेल्यावर देतो. न फसलेला ती आधी देऊ शकतो, तेही शांत डोक्याने. इतवाऱ्यातला ‘कट केला’ म्हणणारा प्रत्येक जण अशी माहिती खिशात घेऊन फिरतोय.

वाटा सोप्या आहेत. अ‍ॅपमध्ये रिक्वेस्ट नुसती नाकारून थांबू नये, तिथेच पाठवणाऱ्याला ब्लॉक करून रिपोर्ट करावं. फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या संशयास्पद संपर्कासाठी दूरसंचार विभागाच्या संचार साथीवर मार्च २०२४ पासून ‘चक्षू’ ही सोय आहे. ती खास अशांसाठी, ज्यांचे पैसे गेलेले नाहीत. तिथे नंबर, तारीख, वेळ आणि काय घडलं ते लिहावं लागतं, आणि संपर्क गेल्या तीस दिवसांतला असावा लागतो. अशा माहितीतून नंबर तपासले आणि बंद केले जातात. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये नंबरांना धोक्याची पातळी देणारा निर्देशांकही सुरू केला. बँका आणि पेमेंट अ‍ॅप तो वापरून व्यवहार थांबवू शकतात किंवा ग्राहकाला सावध करू शकतात.

सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर संशयिताची नोंद करण्याची आणि शोधण्याचीही सोय आहे. पैसे पाठवण्याआधी समोरच्याचा फोन नंबर किंवा यूपीआय आयडी तिथे टाकून पाहता येतो. आधी कोणी तक्रार केली असेल तर ती दिसते. कोणी केली नसेल, तर तिथे काहीच दिसत नाही.